कडूसं पडलं की दार कोण लावणार?

(कोयनानगर इथं झालेल्या बचत गटांच्या मेळाव्यात एका पशुसखी ताईंनी केलेलं हे भाषण. ज्यांना मेळाव्याला येता आलं नाही त्यांच्यासाठी ताईंनी ते वाचायच्या सोयीनं पुन्हा लिहून दिलं आहे.)



मला आज बोलायला सांगितलंय ते कोंबड्यांच्या खुराड्याला बसवायच्या आपोआप दाराबद्दल. सकाळी आपलं आपण उघडतं, सांजच्याला आपलं आपण मिटतं, असं दार. काही जणी हसताय. हसा. मीपण पहिल्यांदा मोबाईलवर ते बघितलं तेव्हा हसले होते. म्हटलं, आता कोंबडीला लिफ्ट आली, उद्या पंखा लावतील.

पण आधी एक विचारते. खरं सांगायचं. आपली बैठक चारला सुरू झाली की साडेपाचला कुणाकुणाची चुळबुळ सुरू होते? हात वर करा. बघा, निम्म्याच्या वर हात आले. आणि कारण काय असतं? स्वयंपाक असतो, धार काढायची असते, ते आहेच. पण "कोंबड्या झाकायच्यात" हे कारण मी पशुसखी म्हणून फिरताना जितक्यांदा ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच नाही. माहेरी एक रात्र राहायचं म्हटलं तरी बाई आधी कोंबड्या कोण झाकणार ते बघते. म्हणून हा विषय हसण्यावारी नेऊ नका. मी माझ्यावर बेतलेलं सांगते, म्हणजे पटेल.

नवजाच्या रस्त्याला आमची वाडी आहे. एका बाजूला धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला रान. ते कोयना अभयारण्याचं रान, १९८५ साली अभयारण्य झालं आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. त्यामुळं आमच्या परड्यात रात्री कोण येतं त्याची यादी मोठी आहे. बाऊल येतं, म्हणजे रानमांजर. उदमांजर येतं. कोल्हा येतो. बिबट्या कुत्र्यासाठी येतो, आणि कुत्रं नाही सापडलं तर कोंबडीवर भागवतो. दिवसा मुंगूस आणि घार. पावसाळ्यात धामण अंड्यांना आणि पिल्लांना.

मी गटातून ६००० रुपये कर्ज काढलं होतं. त्यात बारा तलंगा आणल्या, दोन महिन्यांचं खाद्य आणि खुराड्याचं थोडं सामान. अंड्यावर आल्या आणि महिना सव्वा महिना चांगला गेला. मग एक दिवस पाटणला बैठक होती. बैठक संपली वेळेवर, पण परत येताना वडाप भरेपर्यंत थांबली. हेळवाकला पोचले तेव्हाच कडूसं पडलं होतं. घरी आले तर साडेआठ वाजले होते. परड्यात गेले, बॅटरी मारली. खुराड्याचं दार उघडं होतं आणि सगळीकडं पिसं.

घरात माणसं नव्हती असं नाही. आत्या होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. मुलगा होता, नववीतला. मालक सातलाच आले होते. आत्यांना वाटलं नातवानं झाकल्या. मुलाला वाटलं आजीनं झाकल्या. मालकांना तर असं काही काम असतं हेच त्या वेळेला आठवलं नाही. बारातल्या तीन राहिल्या. बाऊल एक खाण्यासाठी नेतं आणि घाबरलेल्या बाकीच्या मारून टाकतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीत एकच बोलणं झालं. काय? "हिची बैठक झाली आणि कोंबड्या गेल्या." घरात तीन माणसं असताना दार उघडं राहिलं, असं कुणी म्हणालं नाही. मीपण म्हणाले नाही, ताईंनो. मीपण आतल्या आत हेच म्हणत होते की आपण लवकर उठायला पाहिजे होतं. पुढच्या दोन बैठकांना मी गेलेच नाही. कर्जाचा हप्ता मात्र चुकला नाही, तो मी भात झोडणीच्या मजुरीतून भरला. कोंबडी नसताना कोंबडीचा हप्ता भरणं किती जड जातं, ते भरलेल्या बाईला विचारा.

तर तिथून मी दाराच्या मागं लागले.

आता आधी कोंबडीचा स्वभाव समजून घेऊ, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. कोंबडीला अंधारात फार कमी दिसतं. म्हणून उजेड उतरायला लागला की ती आपली आपण ओळखीच्या जागी, उंचावर जाऊन बसते. तिला हाकलून आत घालावं लागत नाही. आपण "ती ती ती" करत मागं पळतो ते बहुतेक वेळा तिच्या वेळेच्या आधी तिला कोंडायचं असतं म्हणून. तिच्या वेळेला ती स्वतःहून जाते. म्हणजे खरं काम काय उरलं? ती आत गेल्यावर मागनं दार लावणं, एवढंच. एका मिनिटाचं काम आहे, पण ते त्याच मिनिटाला करावं लागतं. ते एक मिनिट आपल्याला रोज घराला बांधून ठेवतं.

इंग्लंड-अमेरिकेत घरामागं चार-सहा कोंबड्या पाळणारी पुष्कळ माणसं आहेत. तीपण नोकरीवरून उशिरा येतात आणि त्यांच्याकडंही कोल्हा आहेच. त्यांनी हे दार वापरात आणलं. रचना सोपी आहे. खुराड्याच्या तोंडाला वर-खाली सरकणारी एक फळी. फळीला दोरी. दोरी वर एका छोट्या मोटरच्या रिळावर गुंडाळलेली. मोटर फिरली की फळी वर जाते, उलटी फिरली की खाली येते. वर आणि खाली एकेक खटका असतो, फळी तिथं टेकली की मोटर थांबते. मोटरला कधी फिरायचं ते दोन तऱ्हेनं सांगता येतं. एक घड्याळ लावून, किंवा मग उजेड ओळखणारा डोळा बसवून. वीज बॅटरीची, १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी.

परदेशी दार काही हजार रुपयांना पडतं. आपल्या दहा कोंबड्यांच्या धंद्याला ते परवडत नाही. आणि परवडलं तरी जसंच्या तसं कोयनेत चालत नाही. ते मी पुढं सांगते, कारण मी त्यात पोळले आहे.

पण त्याआधी सगळ्यात महत्त्वाचं. दाराआधी खुराडं. मी घरोघरी बघते, पुढं लोखंडी कडी-कोयंडा, कुलूप, आणि मागं कारवीचा कूड. मुंगूस कशाला कडी काढतंय? ते मागनं कूड पोखरतं. तेव्हा दारावर एक रुपया खर्च करायच्या आधी एवढं बघा.

खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच हवं. आमच्याकडं वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जमिनीवरचं खुराडं आषाढात आतून चिखल होतं आणि ओल आली की रोग आला. जाळी लावायची ती अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी. ती सहा कोनी पातळ कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाऊलाला बाहेर ठेवत नाही. तिच्यातून पंजा आत जातो आणि दातानं ती तुटते. कुठंही अंगठा जाईल एवढी फट ठेवू नका. मोठ्या कोंबडीला रात्री बसायला किमान एक चौरस फूट जागा हवी आणि बसायला आडवी काठी हवी. वरच्या बाजूला वारा खेळायला जाळी मोकळी ठेवा, सगळं गच्च बंद केलंत तर कोंबड्या घुसमटतात. आणि खुराडं घराजवळ. लांब परड्याच्या टोकाला, झाडीला लागून नको.

हे झालं की मग दार.

माझं पहिलं दार मोटरचं नव्हतं. ते दोरीचं होतं, आणि तुमच्यातल्या बहुतेकींना तेच पुरेल. खुराड्याच्या तोंडाला एक फूट रुंद, सव्वा फूट उंच भोक ठेवलं. दोन्ही बाजूंना खोबणी, त्यात वरून खाली पडणारी फळी. फळीला नायलॉनची दोरी, ती वर कप्पीतून घेतली, तिथून दुसऱ्या कप्पीतून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत आणली. खिडकीत खिळा. सकाळी दोरी ओढून खिळ्याला अडकवायची, दार उघडं. सांजच्याला खिळ्यावरून काढून हळूहळू सोडायची, फळी आपल्या वजनानं खाली. चाळीस फूट दोरी आणि दोन कप्प्या, मला २४० रुपये लागले. फळी घरची.

ती फळीच पहिली चूक. लाकूड होतं. उन्हाळ्यात लोण्यासारखं सरकायचं. मिरगाचा पाऊस लागला आणि लाकूड फुगलं. एका संध्याकाळी दोरी सोडली, मला वाटलं दार पडलं, आणि फळी अर्ध्यात अडकून बसलेली. नशीब की मी बघायला गेले. तेव्हापासून पत्र्याची फळी, खिडकीला वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेली. पत्रा हलका पडतो, मुंगूस खालनं नाक घालून उचलतं. म्हणून फळीच्या खालच्या कडेला लोखंडी पट्टी लावून वजन केलं, आणि उंबऱ्याला पुढून एक आडवी पट्टी ठोकली. फळी खाली आली की तिची कड त्या पट्टीच्या मागं बसते. बाहेरून नाक घालायला जागाच राहत नाही. त्या पट्टीमागं माती आणि शेण साठतं, ते आठवड्यातून एकदा खराट्यानं काढायचं. नाहीतर दार बोटभर वरच राहतं.

या दोरीनं आणखी एक काम केलं, ते मला आधी सुचलंही नव्हतं. रात्री परड्यात जाणं थांबलं. ताईंनो, आपण कशा जातो? एका हातात मोबाईलची बॅटरी, वाकून खुराड्यात डोकं घालून, दुसरा हात आत. पावसाळ्यात कोरडी उबदार जागा सापाला पण हवी असते. घोणस, मण्यार, नाग, सगळे आपल्याकडं आहेत. आणि बिबट्याच्या गावात अंधारात खाली वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं, हे वनखात्याची माणसं गावागावात येऊन सांगतात. दहा कोंबड्यांसाठी आपण रोज हा धोका घेतो आणि त्याला धोका म्हणतसुद्धा नाही. खिडकीतून दोरी सोडली की तो संपला.

दुसरं म्हणजे, आमच्या आत्यांचे गुडघे गेलेत. त्यांना परड्यात उतरता येत नाही. पण खिळ्यावरची दोरी सोडता येते. आतापर्यंत कोंबड्या झाकणं माझंच काम होतं, कारण बाकी कुणाला जमत नाही असं ठरलं होतं. आता ते कुणालाही जमायला लागलं, मग "मला नाही जमत" म्हणायची सोय राहिली नाही. मालकांनासुद्धा.

तरी वर्षातले काही दिवस असे असतात की घरात कुणीच नसतं. लावणीला सगळं घर शेतात, लग्नकार्य असतं, दवाखाना असतो. त्यासाठी मोटरचं दार. माझ्या दिराचा मुलगा आयटीआयला वीजतंत्री शिकलाय. त्यानं कमी वेगाची १२ व्होल्टची मोटर, एक घड्याळी स्विच, दोन खटके आणि मोटारसायकलची जुनी बॅटरी घेऊन ते जमवलं. सोबत छोटं सोलर. सगळे मिळून २८५० रुपये झाले. त्याची मजुरी नाही धरली, त्याला अंडी दिली.

इथं एक गोष्ट कडक सांगते. घरातली २३० व्होल्टची वायर ओढून खुराड्यापर्यंत नेऊ नका. कोयनेचा पाऊस, ओला पत्रा आणि उघडी वायर म्हणजे मरण. बॅटरीवरच चालवा. आणि खुराड्याभोवती तारेत वीज सोडणं, फासकी लावणं, विष ठेवणं, हे कुणी सुचवलं तर तिथंच थांबवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. त्याच्यापलीकडं, त्या तारेला आपलं किंवा शेजाऱ्याचं पोर चिकटलं तर? आपल्याला बाऊल मारायचं नाही. आपल्याला दार लावायचंय.

आता मी कशी पोळले ते.

दार बसवलं नोव्हेंबरात. तेव्हा आपल्याकडं सूर्य सहाला मावळतो. कोंबड्या आत जायला त्यापुढं वीस-पंचवीस मिनिटं घेतात, म्हणून साडेसहाला मिटायचं घड्याळ लावलं. फार झकास चाललं. दोन-अडीच महिने मी राजासारखी हिंडले, बघायलासुद्धा जायचे नाही. मार्चात एका संध्याकाळी सव्वासातला घरी आले तर दार बंद, आत चार कोंबड्या, आणि बाहेर सात. पाच खुराड्याच्या पत्र्यावर ओळीनं बसल्या होत्या आणि दोन फणसावर. का? तर दिवस मोठा झाला होता. मार्चच्या मध्यात सूर्य मावळतो पावणेसातला. साडेसहाला कोंबड्या अजून उकिरडा उकरत होत्या. घड्याळानं आपलं काम चोख केलं होतं, मीच त्याला जुनी वेळ सांगून ठेवली होती.

मग पुतण्या म्हणाला, काकू, उजेडाचा डोळा लावू, म्हणजे वेळ बदलायचा प्रश्नच नाही. लावला. उन्हाळाभर चांगला चालला. आषाढ आला. तुम्हाला आषाढातली कोयना सांगायला नको. साडेचारला असा काळोख दाटला की चुलीपुढं दिवा लावावा लागला. दाराला वाटलं रात्र झाली. मिटलं. कोंबड्या बाहेर, खुराड्याखाली भिजत. दुसऱ्यांदा उलटं झालं. रात्री दहाला मालकांनी परड्यातला दिवा लावला, दाराला वाटलं उजाडलं, उघडलं. ते उघडताना घर्र आवाज झाला म्हणून कळलं.

सोलरनंही आषाढात मान टाकली. पंधरा-पंधरा दिवस ऊन नाही, चार्जिंग कुठून होणार? आणि कोयनेची वीज साऱ्या महाराष्ट्राला जात असली तरी आपल्याकडं वादळात तार तुटली की अंधारच असतो. बॅटरी उतरली की दार जिथं आहे तिथंच थांबतं. म्हणून पावसाळ्यात दर आठ दिवसांनी बॅटरी घरात आणून, वीज असेल तेव्हा चार्ज करून ठेवायची. आणि मोटर लावली म्हणून दोरी काढून टाकली नाही. मोटर बंद पडली तर दोरीनं हातानं दार खाली येतं, अशी सोय ठेवली. तुम्हीही तशीच ठेवा.

शेवटी डोळा काढला आणि घड्याळच ठेवलं. फक्त वेळ बदलायची शिस्त लावली. महिन्यातल्या पहिल्या बैठकीच्या दिवशी वेळ बदलायची. गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी वेळा लिहून ठेवल्यात, तुम्हीही लिहून घ्या. आपल्या भागात सूर्य मावळतो तो साधारण नोव्हेंबरच्या मध्यात ६ ला, जानेवारीच्या मध्यात ६ वाजून २० मिनिटांनी, मार्चच्या मध्यात पावणेसातला, मेच्या मध्यात ७ ला, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातला, आणि सप्टेंबरच्या मध्यात ६ वाजून ४० मिनिटांनी. याच्यात अर्धा तास मिळवा, ती दार मिटायची वेळ. ज्या वाड्या डोंगराच्या कुशीत आहेत तिथं सूर्य आधीच आड जातो, तेव्हा तुम्ही दोन-तीन संध्याकाळी उभं राहून बघा, शेवटची कोंबडी कधी आत जाते. तुमची खरी वेळ ती.

सकाळी उघडायची वेळ मात्र उजाडल्याबरोबर ठेवू नका. कोंबडी बहुतेक वेळा सकाळच्या पारी अंडं घालते. पहाटेच सोडलीत तर ती अंडं झुडपात घालणार आणि ते मुंगूस खाणार, नाहीतर शेजारीण खाणार. आठ-साडेआठपर्यंत आत ठेवा, पाणी आणि मूठभर कणी आत द्या, अंडी खुराड्यातच मिळतात. फक्त उन्हाळ्यात पत्रा तापायच्या आत सोडा.

नवीन पक्षी आणले की पहिला आठवडाभर खुराड्यातच ठेवा. घर ओळखलं की मगच सोडा. नाहीतर दार कितीही शहाणं असलं तरी कोंबडी दुसऱ्याच्या झाडावर जाऊन बसेल. पिल्लांची कोंबडी या दारावर सोडू नका, तिला पिल्लांसकट घरात डालग्याखाली झाका. आणि फळी हळूहळू खाली यायला हवी, धाडकन नाही. खाली मान सापडली तर कोंबडी जाते.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी एवढं सगळं सांगितलं.

दार यंत्रानं लागतं. पण आत किती आहेत ते यंत्राला कळत नाही. ते चार आत असताना लागतं आणि अकरा आत असतानाही लागतं. आणि बाऊल आधीच आत शिरलं असेल तर त्यालाही आत घेऊन लागतं. म्हणून रोज मोजणी करायची. ही मोजणी कुणी करायची, यावर आमच्या घरी पहिल्यांदा बोलणं झालं. मी त्या दिवशी आत्यांना, मालकांना आणि मुलाला एकत्र बसवलं आणि म्हणाले, त्या रात्री दार उघडं राहिलं ते मी बैठकीला गेले म्हणून नाही. हे काम कुणाचं ते आपण कधी ठरवलंच नव्हतं म्हणून राहिलं. बोलताना माझा आवाज कापत होता. आत्या काही बोलल्या नाहीत. मालक म्हणाले, "मग ठरव." मी म्हणाले, "मी नाही, आपण ठरवू."

तेव्हा ठरलं. सोमवार ते शुक्रवार मोजणी मुलाची, शनिवार-रविवार मालकांची. मोजून झालं की चुलीमागच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहायचा. आकडा नसला तर आत्या जेवायला वाढू देत नाहीत, हा नियम त्यांनी स्वतः काढला. एकदा मुलानं दहा लिहिलं. अकरावी कुठंय म्हणून त्यानंच शोधलं, तर एक खुडूक होऊन शेणकुटाच्या उडवीमागं अंड्यांवर बसली होती. नऊ पिल्लं निघाली. पूर्वी असतं तर मी म्हणाले असते, गेली बाऊलानं नेली, आणि गप्प बसले असते.

ताईंनो, म्हणून माझं आपल्या संघाला एक मागणं आहे. पक्ष्यांसाठी कर्ज मागणारी ताई आली की आपण तिला किती पक्षी, कुठून आणणार, लस कधी, हे विचारतो. त्यात आणखी दोन प्रश्न घाला. खुराडं कसं आहे, आणि संध्याकाळी दार कोण लावणार. पहिल्याचं उत्तर पशुसखीनं कडूसं पडताना स्वतः जाऊन बघून द्यावं, दुपारी नाही. दुसऱ्याचं उत्तर त्या ताईनं एकटीनं देऊ नये, घरातल्या आणखी एका माणसानं समोर येऊन द्यावं. कर्ज तिच्या नावावर असू दे. दार सगळ्यांचं असू दे.

आणि कर्ज काढून लगेच मोटर घेऊ नका. दहा-पंधरा पक्ष्यांना दोरीचं दार भरपूर झालं. पन्नासच्या वर पक्षी असतील, किंवा घर वारंवार बंद राहत असेल, तरच मोटरचा विचार करा. गावात आयटीआय झालेला मुलगा-मुलगी असेल तर काम त्यांना द्या. बिघडलं तर तेच दुरुस्त करतील.

आता सव्वासहा झालेत. मला दिसतंय, मागच्या रांगेतल्या ताई पिशव्या आवरायला लागल्यात. मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही, ज्यांच्या घरी अजून दोरी नाही त्यांनी जरूर निघा. आज मला मात्र थांबायचंय, हिशेबाची सही राहिलीय. मुलाला सांगून आलेय, मोजून झालं की फोन कर. अजून अर्ध्या तासानं येईल. तोपर्यंत ज्यांना कप्पी कशी बसवायची ते बघायचंय त्यांनी पुढं या, मी दोरी आणलीय.